इस्पितळाच्या फाटकावरचे ठिपके

शहरातली सगळ्यात जीवघेणी जागा कोणती, असं विचारलंत तर कोणी हमरस्ता म्हणेल, कोणी पुलाखालचं वळण म्हणेल. सगळे चूक. सरकारी नकाशाप्रमाणे ती जागा म्हणजे मोठ्या इस्पितळाचं फाटक. रस्ते खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, अपघात नोंद कक्षाच्या भिंतीवर तो नकाशा टांगलेला होता. गाडीवर गाडी आदळली की निळा ठिपका, पायी चालणाऱ्याला उडवलं की लाल, सायकलवाल्याला पाडलं की हिरवा. निळे ठिपके कसे शहाण्यासारखे शहरभर विखुरलेले होते. लाल आणि हिरवे मात्र इस्पितळाच्या फाटकाशी अशी गर्दी करून बसले होते की खालचं रस्त्याचं नाव दिसेनासं झालं होतं.

हे ठिपके लावायचं काम एका बाईकडे होतं. पोलिसांकडून नोंदी संगणकावर यायच्या, त्या ती तपासायची, आकडेवारीत घालायची आणि मग स्टुलावर चढून भिंतीवर ठिपका चिकटवायची. ठिपके संगणकातही होतेच, पण साहेबांना भिंत लागायची. पाहुणे आले की छडी घेऊन दाखवायला भिंतच बरी पडते, असं त्यांचं म्हणणं. खात्यात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. नाव ठेवायचं म्हणून ठेवलेलं, पण तिला ते नावाजल्यासारखं वाटायचं, आणि कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती चटकन ओ द्यायची नाही.

फाटकाशी एवढी माणसं का पडतात, हा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. आजारी माणसं, घाबरेघुबरे झालेले नातेवाईक, डोक्यात काळजी, रस्त्याकडे लक्ष कोणाचं असणार? पटण्यासारखं होतं. सगळ्यांनाच पटलं. मग खात्याने तिथे काय काय नाही केलं? गतिरोधक टाकले, झेब्रा पट्टे रंगवले, दोन्ही अंगांना लोखंडी कठडे बसवले, बोलणारा सिग्नल लावला, 'सावधान, अपघाती क्षेत्र' अशी पाटी ठोकली. आता तिथून मुंगीसुद्धा दोन्हीकडे बघून जाते. तरी ठिपके थांबेनात. साहेब म्हणाले, "बाई, लोकांना शिस्त म्हणून नाही," आणि आणखी एक गतिरोधक मंजूर झाला.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते काही उगाच नाही. ठिपकेबाईला कळलं ते तिची सासू पडली तेव्हा.

ही सासू म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. हात सुईसारखा, जीभ कात्रीसारखी. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली रुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान. दुपारची जेवणं उरकली की सासू रस्ता ओलांडून त्या दुकानात जाऊन बसायची. शर्टांना काजं करायची, बटणं लावायची, पँटींना तुरपाई घालायची, आणि ते करता करता चार गल्ल्यांच्या बातम्या शिवून-उसवून ठेवायची. दुकान शिंप्याचं, पण गिऱ्हाईक सासूचं, असं शिंप्याची बायकोच म्हणायची. तिथे सासूची एक ठरलेली लाकडी खुर्ची होती. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. दुसरं कोणी तिच्यावर बसलं तर शिंपी त्याला उठवायचा.

रस्ता पूर्वी असा नव्हता. बायका मधोमध थांबून गप्पा मारायच्या इतका तो गरीब होता. मग तो रुंद केला, गुळगुळीत केला, आणि गाड्यांच्या जसं कोणी मागे लागावं तसं झालं. एके दुपारी सासू दोन शर्ट काखेत घेऊन निघाली आणि एका गाडीने तिला कोपरखळी मारावी तसं ढकललं. गाडी थांबली नाही. इमारतीतल्या लोकांनी सासूला उचललं, कोणाच्या तरी मोटारीत घातलं आणि इस्पितळात पोचवलं. ठिपकेबाई कचेरीतून धावत गेली तेव्हा सासू खाटेवर पडून परिचारिकेला सांगत होती, की तुझ्या झग्याचं तिसरं बटण लोंबतंय, आण इकडे.

खुबा मोडला होता. तो दुरुस्त झाला, पोलादी सांधा बसला, हातात वॉकर आला. ठिपकेबाईचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले चार दिवस घरी. तो फोनवर म्हणाला, "आईला म्हणावं आता आराम कर." आराम! सासू लिफ्टने खाली जायची, वॉकर टेकत टेकत रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. एक पाय खाली टाकायची, गाडी सूं करून जायची, पाय वर घ्यायची. पुन्हा टाकायची, पुन्हा घ्यायची. पलीकडून शिंप्याची बायको हातवारे करून सांगायची, नको, नको. असं थोडे दिवस चाललं. मग सासूने खाली जाणंच सोडलं आणि खिडकीशी बसायला लागली. खिडकीतून तिला स्वतःची खुर्ची दिसायची.

त्याच सुमाराला तिची नोंद ठिपकेबाईच्या पडद्यावर आली. स्त्री, वय सत्तरीच्या पुढे, पायी, उजवा खुबा, अज्ञात वाहन. आणि जागा? मोठ्या इस्पितळाचं फाटक.

ठिपकेबाई जागच्या जागी थिजली. तिने नोंद पुन्हा वाचली. मग मान वर करून भिंतीकडे बघितलं. त्या फाटकापाशी चिकटलेला एकेक लाल, एकेक हिरवा ठिपका तिने स्वतःच्या हाताने लावलेला होता, अंगठ्याने दाबून. ही सगळी माणसं कुठे कुठे पडली असतील देव जाणे. पडली कुठेही, ती आली मात्र इस्पितळात.

ती इस्पितळात गेली. तिथे फाटकाजवळच्या खोलीत एक हवालदार बसायचा. माणूस भला, पोट सुटलेलं, समोर खात्याने दिलेला टॅब. तिने सासूचं सांगितलं तसा तो ओशाळला.

"ताई, हे यंत्र उघडलं की जागा आपोआप येते," तो म्हणाला. "आकडेवारी सुधारायची म्हणून दिलंय ना. पूर्वी आम्ही कागदावर काहीबाही लिहायचो, आता यंत्र लिहितं. जिथे उघडलं ती जागा."

"पण तुम्ही उघडता इथे बसून."

"मग कुठे बसू? जखमी माणूस इथे येतो. मी इथेच लिहून घेणार."

"गाड्यांच्या अपघातांना कसे जाता मग? ते ठिपके बरोबर पडतात."

"गाडी जागेवर असते, ताई. विम्यासाठी दोघेही ती हलवू देत नाहीत. चौकीवाला जाऊन नोंद करेपर्यंत रस्त्यात आडवी. आता माणूस पडला तर त्याला असा ठेवतील का कोणी? उचलणार आणि आणणार. उचलायलाच हवा." त्याने टॅब पुसला. "सायकलचं तसंच. कोणीतरी उचलून भिंतीला लावतो. चौकीवाला पोचेपर्यंत तिथे काय उरणार?"

इतकं सोपं होतं ते. गाडीला कोणी उचलत नाही म्हणून तिची जागा राहते, आणि माणसाला लोक प्रेमाने उचलतात म्हणून त्याची जागा जाते. ठिपकेबाईला हसावं की रडावं कळेना. तिने विचारलं, "ही नोंद बदलता येईल?"

"मी जागेला हात लावला तर का लावला म्हणून मलाच विचारतील. तुमच्या साहेबांचा हुकूम आणा, लगेच बदलतो."

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला, बशीत ओतून थंड केला. मग म्हणाले, "बाई, सासू कोणाची? तुमची. घर कोणाचं? तुमचं. रस्ता तुमच्या दारातला. आणि ठिपका हलवणार कोण, तर तुम्ही. उद्या कोणी म्हटलं की ठिपकेबाईने स्वतःच्या दारात रस्ता ओलांडायची सोय करून घेतली, तर मी काय तोंड दाखवू?"

"एकट्या सासूचा प्रश्न नाही, साहेब. फाटकापाशी लावलेले बाकीचेही तसेच असणार. सगळे तपासून घेऊ."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "सगळे? म्हणजे ते कठडे, तो बोलणारा सिग्नल, त्याचं उद्घाटन, सगळं आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी? हे वर कोण सांगणार, तुम्ही की मी?"

एक हलवायचा तर घरचा म्हणून हलवायचा नाही, सगळे हलवायचे तर खात्याचं हसं होतं म्हणून हलवायचे नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ठिपक्यांची डबी हातात घेऊन ठिपकेबाई. चहा तिच्याही पुढे ठेवला होता. तो तिने तसाच टाकला.

त्याच आठवड्यात इमारतीच्या लोकांनी केलेला अर्ज परत आला. आमच्या दारात झेब्रा पट्टे आणि सिग्नल द्या, असा तो अर्ज. उत्तर ठिपकेबाईच्याच कक्षाच्या आकडेवारीवरून दिलेलं होतं: सदर रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचे व सायकलस्वारांचे अपघात शून्य, सबब गरज नाही. तिने ते सासूला वाचून दाखवलं.

"शून्य?" सासू म्हणाली. "म्हणजे मी पडलेच नाही?"

"कागदावर तुम्ही इस्पितळापाशी पडलात, आई."

"मग त्या शर्टांचं काय? शर्ट तर इथेच रस्त्यात पडले होते. शिंपीभाऊंनी धुऊन दिले." सासूने वॉकरवर हात आपटला. "तू एवढी सरकारात आहेस, तुझ्या हातात टाचणीएवढं काम, तेही होत नाही का तुझ्याच्याने?"

ठिपकेबाईने उत्तराचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिला त्या घरात, त्या कचेरीत, त्या रस्त्याच्या दोन्ही काठांवर कुठेही श्वास घ्यायला जागा नाही असं झालं होतं. सकाळी ती रस्ता ओलांडून बसला जायची, तेव्हा पाठीवर सासूचे डोळे. कचेरीत भिंतीकडे पाठ करून बसावं तर पडद्यावर रोज दोन-तीन नवी फाटकं. सायकलवाला पेपरविक्या, फाटक. शाळेतली बाई, फाटक. ती ठिपके लावत राहिली. न लावून सांगते कोणाला?

इकडे सासूला कामावाचून करमेना. हात मोकळे राहिले की तिची जीभ चालायची आणि घराचा ताल बिघडायचा. शेवटी शिंप्यानेच उपाय काढला. वहिनींना येता येत नाही ना, मग काम वहिनींकडे येईल. रोज दुपारी तो सायकलच्या मागे कापडांचं गाठोडं बांधायचा आणि रस्ता ओलांडून यायचा. लिफ्टने वर येऊन गाठोडं ठेवायचा, तयार शर्ट घेऊन जायचा, जाताना सासूला दुकानातल्या बातम्या सांगायचा. "खुर्ची तशीच ठेवलीय बरं का," हे त्याचं रोजचं शेवटचं वाक्य. सासू त्या गाठोड्याची अशी वाट बघायची की ठिपकेबाईला बरं वाटायचं. घरात थोडी हवा आली होती.

तो रविवार होता, म्हणून ठिपकेबाई घरी होती. ती भांडी घासत होती. सासू खिडकीशी. "निघाले बघ शिंपीभाऊ," सासू म्हणाली. "आज गाठोडं मोठं दिसतंय." आणि मग खालून ब्रेकचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीतरी लोखंडी फरफटल्याचा. सासूने नुसता हात काचेवर ठेवला.

ठिपकेबाई जिन्याने धावली. शिंपी रस्त्याच्या मधोमध एका कुशीवर पडला होता, एक पाय नको तिकडे वळलेला. गाडी केव्हाच पसार झाली होती. सायकल आडवी, पुढचं चाक अजून फिरत होतं. शर्ट सगळीकडे पसरलेले, बिनबटणाचे. एक टॅक्सीवाला उतरून आला होता, दोन-तीन माणसं गोळा झाली होती. "चला, धरा, उचला," कोणीतरी म्हणालं.

"उचलू नका," ठिपकेबाई म्हणाली.

माणसं थांबली. तिने दोन्ही हात आडवे केले होते, जसं काही ते तिच्यावरच धावून येत होते. "पोलीस येऊ द्या आधी. इथे नोंद होऊ द्या. इथेच."

"अहो बाई, माणूस कण्हतोय," टॅक्सीवाला म्हणाला.

"मला माहीत आहे." तिने चौकीला फोन लावला. चौकीवाला शांतपणे म्हणाला, की जखमीला इस्पितळात न्या, तिथे लिहून घेतील. ती म्हणाली, इथे या. तो म्हणाला, तिथे न्या. असं दोन-चारदा झालं. तिचे हात अजून आडवेच होते, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. आणि लोकही, नवल म्हणजे, थांबले होते. ठाम आवाजात बोलणाऱ्या बाईला माणसं बिचकतात. त्यांना वाटलं हिला काहीतरी माहीत असेल.

शिंप्याने मान जराशी वळवली. ओठ पांढरे पडले होते. "सूनबाई," तो म्हणाला, "नेऊ द्या की मला. फार दुखतंय."

तिचे हात खाली आले. टॅक्सीवाल्याने आणि बाकीच्यांनी शिंप्याला अलगद उचललं. पलीकडून त्याची बायको धावत आली होती, ती टॅक्सीत चढता चढता एकदाच वळून ठिपकेबाईकडे बघून गेली. त्या बघण्यात शिवी असती तरी चाललं असतं.

टॅक्सी गेली. एक माणूस वाकून सायकल उचलायला लागला, भिंतीला लावून ठेवू म्हणून. ठिपकेबाईने सायकलचं हँडल धरलं. "राहू द्या."

"अहो, रस्त्यात आहे."

"रस्त्यातच राहू द्या."

तो डोक्यावरून हात फिरवून निघून गेला. ठिपकेबाई सायकलीपाशी उभी राहिली. गाड्या दोन्हीकडून येऊन थांबायला लागल्या. कोणी काच खाली करून वेडी म्हणालं, कोणी आईबहिणीवरून बोललं. भोंग्यांनी डोकं उठलं. एक मोटार इतकी जवळ आली की तिचा गरम पत्रा ठिपकेबाईच्या पोटरीला लागला. पुढे जायला वाट नाही, मागे जायला वाट नाही, आणि तिला जायचंही नव्हतं. तिने पुन्हा चौकीला फोन केला. या वेळी माणसाचं काही सांगितलंच नाही. म्हणाली, "रस्ता तुंबलाय. पार मागच्या चौकापर्यंत रांग गेलीय."

मग मात्र आले. माणूस पडला तर जागचे न हलणारे, रस्ता अडला म्हटल्यावर भिरभिरत आले. आणि आला कोण, तर तोच पोट सुटलेला हवालदार. रविवारचा त्याला चौकीवर टाकलेला. त्याने सायकल बघितली, शर्ट बघितले, ठिपकेबाईला बघितलं आणि सगळं ओळखलं.

"ताई, नोकरीवर पाणी सोडाल अशाने," तो हळूच म्हणाला.

"यंत्र उघडा."

त्याने उघडलं. जागा आपोआप आली. इस्पितळात पुन्हा नोंद होणार नाही एवढं मी बघतो, असंही तो आपणहून म्हणाला. मग ठिपकेबाईने एकेक शर्ट उचलला, झटकला, गाठोडं बांधलं आणि ती लिफ्टने वर आली. सासू खिडकीतच होती. तिने सगळं बघितलं होतं, पहिल्यापासून. तिने गाठोडं मांडीवर घेतलं, पण सोडलं नाही.

सोमवारी ठिपकेबाई स्टुलावर चढली आणि स्वतःच्या रस्त्यावर पहिला हिरवा ठिपका लावला. कोऱ्या जागेवर तो फार उठून दिसत होता. तिने बोट काढलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. साहेब आले, चष्मा वर करून बघितलं.

"रीतसर आहे ना?"

"रीतसर आहे, साहेब. पोलिसांची नोंद आहे, जागेवरची."

"मग राहू द्या," साहेब म्हणाले, आणि जाता जाता दारातून वळले. "पण बाई, एका ठिपक्याने काही होत नाही हं. वर्षात तीन लागतात. तीन झाले की अपघाती क्षेत्र, मग मी स्वतः तुमच्या रस्त्याचं काम पुढे करतो. शब्द देतो."

शब्दाचे ते पक्के होते, त्याबद्दल कोणाचं दुमत नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूने दिवा लावला नव्हता. पलीकडे शिंप्याच्या दुकानाचं शटर खाली होतं. सासूची खुर्ची बाहेरच राहिली होती. रविवारच्या गोंधळात कोणाच्या लक्षात आलं नसेल. शिंप्याच्या बायकोचा फोन येऊन गेला होता. पायात सळ्या घातल्या आहेत, सायकल आता विसरा म्हणालेत. आणि आणखी एक ती म्हणाली होती, ते सासूने सांगावं की नाही असं करत शेवटी सांगितलं.

"म्हणाली, तुमच्या सुनेने त्यांना रस्त्यात ठेवून घेतलं. भाजी निवडून ठेवावी तसं."

"माझी चूक झाली, आई."

"झाली," सासू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला जाता येत नाही म्हणून ते यायचे. मी काजं-बटणं सोडून दिली असती तर तो माणूस आज मशीनवर बसला असता. म्हणजे चूक माझी आधी. तुझी नंतर." ती खिडकीकडे वळली. "मिळालं का मग तुला हवं होतं ते?"

"एक मिळालं. तीन लागतात."

सासूने मान हलवली. का, कशाला, कोणी ठरवलं, असं काही विचारलं नाही. एरवी तिने साहेबांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ठिपकेबाईने पाट ओढला आणि ती सासूशेजारी खिडकीशी बसली. दमली होती. जरा बसावं, मग भात टाकावा, एवढंच मनात होतं. दोघी खाली बघत राहिल्या.

गाड्यांचे दिवे लागले होते. पलीकडच्या काठावर एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, कडेवर मूल. तिने एक पाय खाली टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. लांबून एक गाडी येत होती, बरीच वेगात. ठिपकेबाई पुढे वाकली. खिडकी उघडून ओरडायला हवं होतं, नुसतं अहो थांबा एवढं म्हटलं असतं तरी त्या बाईने वर बघितलं असतं. ठिपकेबाईचा हात कडीपाशी गेला नाही. ती बघत होती. कुठे पडेल, मधल्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, कोण आधी धावेल, चौकीला फोन करताना काय म्हणायचं, हे सगळं तिच्या डोक्यात आपोआप, त्या यंत्रासारखं, भरलं जात होतं.

बाई धावली. मुलाला छातीशी धरून, पिशवी आपटत, ती अलीकडे पोचली आणि भिंतीला टेकून धापा टाकायला लागली. गाडी निघून गेली.

ठिपकेबाई मागे टेकली. आणि टेकताना तिच्या मनात जे पहिलं आलं, ते हायसं वाटणं नव्हतं. ते काय होतं हे तिला लख्ख कळलं.

सासूने तिच्याकडे मान वळवलीही नाही. "कुणाची वाट बघतेस गं?" तिने विचारलं.

ठिपकेबाई उठली आणि तिने खस्सकन पडदा ओढला. खोलीत अंधार झाला. खालून गाड्यांचा आवाज तसाच येत राहिला. ती पडद्याचं टोक मुठीत धरून उभी होती आणि तिला रडू येत होतं, पण येत नव्हतं.

"सरकव तो," अंधारातून सासू म्हणाली. "मला माझी खुर्ची दिसत नाहीये."

तिने पडदा सरकवला.